पिकअपमागे जनरेटरची ट्रॉली : कमान बसते, स्टिअरिंग हलकं पडतं. पाटे वाढवू का?

मंडपवाला_चोपडा

रामराम मंडळी.

चोपड्यात आपला मंडप, लाईट आणि साउंडचा धंदा आहे. वडिलांपासूनचा. आधी ३० केव्हीएचा जनरेटर सेट पिकअपच्या हौद्यातच ठेवायचो, काही कटकट नव्हती. आता लग्नात हॉलबाहेर एलईडी भिंत पाहिजे, कूलर पाहिजेत, नवरदेवाच्या एंट्रीला धूर पाहिजे. म्हणून दिवाळीनंतर ६२.५ केव्हीएचा सायलेंट सेट जुना घेतला आणि त्याला दोनचाकी ट्रॉली बनवून घेतली. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, पण त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवल्यात आयुष्यभर, आणि हीसुद्धा त्याच हिशेबाने बनवली हे आता लक्षात येतंय.

त्रास असा. ट्रॉली हुकात अडकवली की पिकअपची मागची कमान (एकावर एक पोलादी पाट्यांची स्प्रिंग) पार बसते. बंपाचं रबर (कमान पूर्ण दबली की एक्सल ज्यावर आदळतो ते) आणि एक्सल यांत बोटभर जागा उरते. लासूर, हातेडचे स्पीड ब्रेकर कितीही हळू घेतले तरी धाडकन आवाज येतो, मागे बसलेली पोरं शिव्या देतात. रात्री समोरचा प्रत्येक गाडीवाला मला डिप्पर मारतो, कारण माझे लाईट थेट त्याच्या डोळ्यांत. मी डिपरवरच असतो, हे त्याला कसं सांगू?

हे सगळं चालवून घेतलं. पण गेल्या आठवड्यात सेंधव्याची हळद आणि लग्न करून परत येताना बिजासन घाट उतरत होतो. पहाटे चारची वेळ. तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या आत. वळणाच्या आधी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग वळवलं, तर गाडी वळायच्या ऐवजी आधी सरळच गेली. दोन-तीन हात असेल, जास्त नाही. मग पकडलं तिने. शेजारी आमचा लाईटवाला झोपला होता, त्याला कळलंही नाही. मी खाली पळासनेरला गाडी बाजूला घेतली आणि चहावाल्याकडे अर्धा तास नुसता बसून राहिलो.

आमचा कमानवाला मिस्तरी म्हणतो मागे दोन-दोन पाटे वाढवून टाक, साडेआठ हजारात काम होतं, हत्ती बांधला तरी बसणार नाही. करू का? पाच दिवसांवर शिरपूरची तारीख आहे, त्यानंतर अक्षयतृतीयेपर्यंत एक दिवस मोकळा नाही. मागे सात पाटे आहेत, सगळे शाबूत, एकही तुटलेला नाही. पुढेही पाटेच आहेत. शॉकअप कंपनीचेच, चार वर्षांचे.

---

पाचोरा_रोडलाईन्स

भाऊ, दोन काय, तीन टाक. आमच्या गाडीला नऊ पाटे आहेत, कापूस भरून जिनिंगला जाते, हूं नाही की चूं नाही. पिकअप घेतली की पहिलं काम पाटे वाढवायचं, नंबर प्लेट नंतर.

---

जुना_वर्कशॉपवाला (धुळे)

पाटे वाढवायचे की नाही ते नंतर बघू. पाचोऱ्याच्या भाऊंचं त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांचा माल हौद्यात आहे, म्हणजे मागच्या चाकाच्या वर आणि पुढे. तुमचा भार चाकाच्या मागे लोंबतोय. दोन्हींत कमान बसते, म्हणून रोग एकच वाटतो. एक नाही.

मी एकतीस वर्षं एसटी बसच्या कमानी उघडल्या आणि बसवल्या. आता घरी बसून लोकांच्या गाड्यांवर बोलतो, बायको म्हणते तेवढंच काम उरलं. तरी ऐका.

ट्रॉलीचा दांडा तुमच्या हुकावर जेवढा दाबतो, त्याला मी दांड्याचं वजन म्हणतो. समजा ते २०० किलो आहे. तुम्ही म्हणाल मागच्या एक्सलवर २०० वाढले. नाही. हुक चाकाच्या मागे आहे, म्हणून ती तरफ होते, लहान पोरांच्या सी-सॉसारखी. मागचं चाक मधला टेकू. मागे दाबलं की पुढचं टोक उचलतं. पुढच्या चाकांवरून जेवढं वजन निघतं, तेही येऊन मागच्याच एक्सलवर बसतं. चाकांमधलं अंतर दहा फूट आणि हुक मागच्या चाकापासून चार फूट मागे असेल, तर २०० किलोचे मागच्या एक्सलवर २८० होतात आणि पुढून ८० जातात.

आता तुमचा घाट आठवा. ब्रेकचं निम्म्याहून जास्त काम पुढची चाकं करतात, वळायचं सगळं काम तीच करतात, आणि तुम्ही त्यांच्याच पायाखालून वजन काढून घेतलंय. वर दोन टनांची ट्रॉली मागून ढकलतेय. गाडी सरळ गेली त्यात नवल नाही.

आता पाटे वाढवले तर काय होईल? मागची बाजू उचलेल. दिसायला गाडी सरळ उभी राहील, लाईट थोडे खाली येतील, रबरावर धाड बसणार नाही. तुम्हाला वाटेल दुरुस्त झाली. पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येणार नाही, एक किलोसुद्धा नाही. ते दांड्याच्या वजनावर आणि अंतरावर ठरतं, कमानीच्या ताठपणावर नाही. म्हणजे जो आवाज तुम्हाला सावध करत होता तो बंद होईल, आणि बिजासनचं वळण तसंच राहील.

म्हणून आधी मोजा. तीन गोष्टी.

एक, वजनकाट्यावर जा. कुठल्याही जिनिंगचा चालेल. नेहमीचा सगळा माल आणि माणसं घेऊन जा, रिकामी गाडी मोजून उपयोग नाही. ट्रॉली सोडून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण पिकअप. नंतर ट्रॉली अडकवून पुन्हा पुढची चाकं, मग पिकअपची चारही, मग फक्त ट्रॉलीची. काटेवाला कुरकुर करेल, त्याला पाच पावत्यांचे पैसे द्या.

दोन, दांड्याचं वजन वेगळं मोजा. मोठा काटा इतक्या लहान वजनाला भरवशाचा नसतो. कापूस खरेदीवाल्याकडे जो इलेक्ट्रॉनिक काटा असतो, गाठोडी ठेवायचा, त्यावर ट्रॉलीच्या दांड्याचा टेकू ठेवा. ट्रॉली सपाट पाहिजे, हुकात असते तेवढ्याच उंचीला. चाकांना दगड लावा.

तीन, टेप घ्या. चारही मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत उंची. ट्रॉली सोडून आणि जोडून. मागे किती बसली हे सगळेच बघतात. पुढे किती उचलली ते लिहून आणा.

आणि आरसीवर एक्सलप्रमाणे वजन लिहिलेलं असतं, ते बघा. टायरवरचा आकडाही बघा, साइजच्या पुढे असतो. १०० लिहिलं असेल तर त्या टायरला ८०० किलो, १०४ ला ९००, १०८ ला १०००, ११२ ला ११२०. एका टायरला, पूर्ण हवेवर.

पाटे वाढवून एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यांची ताकद वाढत नाही. कमान ही गाडीतली सगळ्यात बोलकी वस्तू आहे, म्हणून तिच्यावरच सगळे उपचार होतात.

---

मंडपवाला_चोपडा

काका, केलं सगळं. काटेवाल्याने आधी वेड्यात काढलं, मग स्वतःच पावतीच्या मागे बेरीज करून द्यायला लागला.

नेहमीचा माल म्हणजे हौद्यात साउंडचे डबे, वायरचे ड्रम, डिझेलचे कॅन आणि चार माणसं.

ट्रॉली सोडून पिकअप २६५० : पुढे १०८०, मागे १५७०.
ट्रॉली जोडून : पुढे ९२०, मागे २१३०, ट्रॉलीची चाकं १५००.

कापसाच्या काट्यावर दांडा ४०० किलो. चारशे! मला वाटलं काटा बिघडला. व्यापारी स्वतः वर उभा राहिला, त्याचं वजन बरोबर दाखवलं. (त्याला ते आवडलं नाही.) ट्रॉली सगळी मिळून १९००, म्हणजे पाचवा हिस्सा तर माझ्या हुकावरच बसलाय.

तुमची तरफ तंतोतंत निघाली. माझं अंतरही दहा आणि चार फूटच आहे. पुढून १६० गेले, मागे ५६० वाढले.

उंची : मागे साडेसहा सेंटीमीटर खाली, पुढे अडीच वर.

आरसीत मागच्या एक्सलला १९५० लिहिलंय. टायरवर १०८. म्हणजे दोन टायरचे २००० झाले आणि मी त्यांच्यावर २१३० ठेवून भर उन्हात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने फिरतोय. आकडा बघितल्यापासून झोप नाही.

आता सांगा, पाटे की काय?

---

जुना_वर्कशॉपवाला (धुळे)

शाब्बास. इतकं नीट मोजून कुणी आणत नाही, लोक फोटो पाठवतात आणि विचारतात आवाज कशाचा.

दोनचाकी ट्रॉलीला दांड्यावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पाहिजे. तुमच्या १९०० ला १९० ते २८५. तुमची गाडी हलकी आणि हुक लांब, म्हणून खालच्या बाजूला राहा, २१०च्या आसपास. दहाच्या खाली मात्र जाऊ नका.

तुमच्या ट्रॉलीवाल्याने ट्रॅक्टरचा हिशेब लावला असं तुम्ही म्हणता ते पटतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर भार आला तर ट्रॅक्टरला बरंच असतं, चाक फिरत नाही जागेवर. म्हणून तो ट्रॉलीची चाकं मागे ठेवतो. पिकअपला तेच औषध विष झालं.

उपाय दोन. ट्रॉलीचा एक्सल पुढे घ्या, किंवा सेट मागे सरकवा. दुसरा सोपा, सेट बोल्टावर असेल तर. आता हुकाच्या डोळ्यापासून (दांड्याच्या टोकाची कडी) ट्रॉलीच्या चाकापर्यंत किती आहे आणि नुसत्या सेटचं वजन किती, ते सांगा.

---

मंडपवाला_चोपडा

डोळ्यापासून चाक नऊ फूट, १०८ इंच. सेट डिझेलसकट १४५०. चार रबरी माउंटिंगवर बसलाय, खाली चॅनेल आहे, मागे जागा दीड-दोन फूट मोकळी. तिथे पोरं झोपतात.

---

जुना_वर्कशॉपवाला (धुळे)

पोरांना दुसरीकडे झोपवा.

आत्ता ट्रॉलीचं वजन जिथे एकवटतं ती जागा चाकापासून ४०० गुणिले १०८ भागिले १९००, म्हणजे पावणेतेवीस इंच पुढे आहे. ती बारा इंचांवर आणायची. बारा गुणिले १९०० भागिले १०८, बरोबर २११ येतात. पावणेअकरा इंच मागे न्यायचंय, पण सरकणार फक्त सेट, ट्रॉलीचा सांगाडा नाही. म्हणून सेट चौदा इंच मागे. आधी क्लॅम्प लावून बघा, कापसाच्या काट्यावर मोजा, मगच भोकं पाडा. भोकं ड्रिलने, गॅसने नाही. आणि चॅनेलच्या उभ्या बाजूला, आडव्या कडांवर नाही.

मग पाटे. सेट सरकवून झाल्यावर मागचा एक्सल १८६० च्या आसपास येईल. तेव्हा सात पाटे पुरतील. तरी वाटलंच तर एक हेल्पर पाटा टाका, जो रिकाम्या गाडीत लोंबत राहतो आणि भार आला की टेकतो. नेहमीच्या गठ्ठ्यात दोन घुसवण्यापेक्षा तो बरा, रिकामी गाडी उडत नाही.

पाटा घेताना जाडी मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ एमएमच्या जागी १० एमएम म्हणजे सव्वापट नाही, जवळजवळ दुप्पट. मिस्तरी "थोडा जाड टाकतो" म्हणतो तेव्हा तो थोडा नसतो. जाड पाटा ताठ असल्यामुळे सगळा भार आपल्यावर ओढतो आणि तोच आधी तुटतो.

जुना पाटा भट्टीत लाल करून बाक देत असतील तर नको म्हणा. स्प्रिंगचं पोलाद तापवलं की त्याला पुन्हा तेलात विझवून टेंपर द्यावा लागतो, म्हणजे बेताने पुन्हा तापवून चिवट करावं लागतं, आणि ते तापमान डोळ्यांनी कळत नाही. रस्त्याकडेला तापवलेला पाटा आठ दिवसांत पुन्हा सपाट होतो किंवा मोडतो. कमानीजवळ वेल्डिंगची ठिणगीसुद्धा नको.

गठ्ठा उघडला तर यू-बोल्ट (गठ्ठा एक्सलला आवळणारे) नवे टाका, ते एकदा ताणले की ताणले. शंभरेक किलोमीटर भरलेली गाडी चालली की पुन्हा आवळा. निम्मे सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारे) तुटतात ते यू-बोल्ट सैल राहिल्यामुळे, आणि शिव्या मात्र सेंटर बोल्ट खातो.

एक गोष्ट कमानवाला कधीच सांगत नाही. तुमच्या गाडीत मागच्या एक्सलपासून चॅसीवर एका व्हॉल्व्हला जाणारी बारीक दांडी आहे का बघा. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. एक्सल आणि चॅसी जवळ आली की त्याला कळतं गाडी भरलीय, मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. लांब गेली की रिकामी समजून कमी करतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतील. आता पाटे वाढवून गाडी दोन-तीन इंच उचललीत, तर व्हॉल्व्ह आयुष्यभर समजत राहणार की गाडी रिकामी आहे. भार पूर्ण, आणि मागचे ब्रेक अर्धे. पाट्यांना हात लावला की ही दांडी सेट करून घ्यायचीच.

---

पाचोरा_रोडलाईन्स

काका, ती दांडी आमच्या गाडीला लोंबत होती म्हणून ड्रायव्हरने तारेने बांधून ठेवलीय. 😬 आजच बघतो.

---

केळीगाडी_सावदा

चोपडावाले भाऊ, सेट मागे घ्या पण जोशात येऊन फार मागे घेऊ नका. माझं उलटं झालं होतं.

आमची पिकअप केळीच्या घडांची. बागेतून सावद्याच्या स्टेशनपर्यंत, नाहीतर रावेरला. मागे एक लहान दोनचाकी ट्रॉली लावायचो, केळीचे रिकामे क्रेट आणि वजनकाटा ठेवायला. एकदा पोरांनी मागच्या टोकाला पाण्याच्या दोन टाक्या भरून ठेवल्या. गाडी मागून बसलेली नाही, उलट मस्त उंच, मला वाटलं आज हलकी चालतेय. फैजपूरच्या पुढे सरळ रस्ता, साठच्या वर गेलो. एक ट्रक समोरून गेला, वाऱ्याचा झोत आला, आणि ट्रॉलीने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी हातभर. मग पूर्ण लेन. मागून गाडीच इकडे तिकडे ओढली जाते. मी ब्रेक मारला. ती चूक. ट्रॉली आडवी आली, डाव्या बाजूला केळीच्या बागेत गेली, पिन तुटली म्हणून गाडी वाचली.

नंतर कळलं, डोलायला लागली तर ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंगने तिच्याशी भांडायचं नाही. पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप पडू द्यायचा.

दांड्यावर वजन कमी असलं की शेपूट हलते, जास्त असलं की पुढची चाकं तरंगतात. तुमचं दुसरं, माझं पहिलं. कमान दोघांचीही ठीक होती.

---

यावलकर

आधी वजन देख, मंग कमान देख. आमना आजा बैलगाडीले बी हेच सांगे. धुरा जड व्हयना तर बैलनी मान जास, उलाळ व्हयनी (मांगे जड) तर बैल टांगाई जास.

---

जुना_वर्कशॉपवाला (धुळे)

यावलकर, मी दोन पानं लिहिली ती तुमच्या आजोबांनी एका ओळीत सांगितली. पुढच्या वेळी आधी या.

---

आरटीओ_एजंट_नाही_पण

मधेच बोलतो. गाडीवाले कमानीचं बोलतात आणि कागद विसरतात.

ट्रॉलीला स्वतःचं पासिंग लागतं, मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. "जनरेटर आहे, माल नाही" हे रस्त्यावर चालत नाही. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० आहे. पण दंड सोडा. उद्या तुमच्या ट्रॉलीने कुणाला ठोकलं आणि ट्रॉलीची नोंद नसली, विमा नसला, तर विमा कंपनी पहिला कागद तोच मागेल.

आणि पिकअपचं पुस्तक वाचा. ओढायचं वजन किती ते काही कंपन्या छापतात, काही छापत नाहीत. छापलं नसेल तर त्याचा अर्थ कितीही ओढा असा होत नाही. सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

---

मंडपवाला_चोपडा

काल रात्री काम संपवलं. सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखे दहा-वीस मंडपवाले तर चोपडा-शिरपूर पट्ट्यातच आहेत.

सेट चौदा इंच मागे. क्रेनवाला नव्हता, म्हणून चेनब्लॉक कडुलिंबाच्या फांदीला बांधायचा विचार होता, आईने झाड मोडेल म्हणून हाकलून दिलं. शेवटी मंडपाच्याच ट्रसचं घोडं केलं. कापसाच्या काट्यावर दांडा २१०. व्यापारी आता मला बघितलं की स्वतःच बाजूला होतो.

वजनकाटा : पुढे १०००, मागे १८६०, ट्रॉली १६९०. काकांनी जो आकडा सांगितला तोच. पुढची उंची आता फक्त सव्वा सेंटीमीटर वर जाते. बंपाच्या रबरात तीन बोटं जागा आहे.

पाटे वाढवले नाहीत. पण कमान उघडून साफ केली, पाट्यांमध्ये गंज इतका होता की पाटे एकमेकांना चिकटले होते, ग्रेफाइटचं ग्रीस लावलं. डाव्या शॅकलचा (कमानीचं टोक चॅसीला जोडणारी कडी) बुश अंडाकृती झाला होता, दोन्ही बाजूंचे बदलले. यू-बोल्ट नवे. मिस्तरी म्हणाला, "मग पाट्याचं काय?" त्याला सांगितलं, साडेआठ हजार शॉकअपला घालतोय. शॉकअप दोन्ही मागचे गेलेले होते, एक तर हाताने दाबला तसा खालीच राहिला. त्याची चार वर्षं झाली होती हे मीच वर लिहिलं होतं आणि माझंच लक्ष नव्हतं.

एलएसपीव्हीची दांडी आहे. वाकलेली होती. सर्व्हिस सेंटरला जाऊन सेट करून घेतली. तिथल्या पोराने विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं?

वायरचे ड्रम हौद्याच्या मागच्या फळीजवळ ठेवायचो, उतरवायला सोपे म्हणून. आता केबिनला टेकून पुढे. पोरं कुरकुरतात, कारण आता आधी डबे उतरवावे लागतात.

आज सकाळी ट्रॉली जोडून लासूर, हातेड करत अनेर नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. स्पीड ब्रेकरला आवाज नाही. स्टिअरिंग हाताला लागतं, पूर्वी नुसतं पाण्यात हात घातल्यासारखं होतं. रिकाम्या रस्त्यावर चाळीसला ब्रेक दाबून बघितला, सरळ थांबली, पण मागून ट्रॉलीचा धक्का जाणवतो. त्याचं काय करायचं?

ट्रॉलीचं पासिंग नाही हे कबूल करतो. कागद घेऊन सोमवारी जळगावला जातोय.

---

जुना_वर्कशॉपवाला (धुळे)

धक्का जाणारच. १९०० किलोला ट्रॉलीवर ब्रेकच नाही. ओव्हररन ब्रेक बसवून घ्या. ट्रॉली पुढे ढकलायला लागली की दांड्याचं डोकं आत सरकतं आणि तेच ट्रॉलीचा ब्रेक दाबतं, पिकअपची एकही नळी कापावी लागत नाही. एक्सल ब्रेक ड्रमवाला लागेल, खर्च पाट्यांपेक्षा जास्त आहे. तोपर्यंत सेंधव्याची ऑर्डर घेऊ नका, सपाटीवरच्या घ्या. आणि सपाटीवरही पन्नासच्या आत.

डोळा आणि पिन यांत किती ढिलाई आहे? धक्क्यातला "खट" आवाज तिथला असतो. पिन झिजली असेल तर बदला. शिवाय साखळी आहे का? पिन तुटली तर ट्रॉली एकटीच निघून जाते, सावदावाल्यांना विचारा. दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना ओलांडून, म्हणजे दांडा खाली पडला तर त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

ट्रॉलीच्या चाकांच्या हबला वीस किलोमीटरवर थांबून हात लावून बघा. आता त्यांच्यावर १९० किलो वाढलेत. हात ठेवता आला पाहिजे. ट्रॉलीच्या टायरची हवा सकाळी, थंड असताना. दुपारी भरलेली हवा खोटी असते.

---

मंडपवाला_चोपडा

पिनमध्ये बोट जाईल एवढी ढिलाई आहे. पिन उद्या टर्नरकडे. साखळी एकच आहे, तीही मंडपाच्या कनातीची. दुसरी आणि जाड घेतो, किती एमएमची घेऊ ते सांगा.

सेंधव्याची पुढची ऑर्डर भाच्याला दिली, त्याचा सेट ट्रकवर आहे. शिरपूरची उद्या संध्याकाळी आहे, तिथे रस्ता सपाट. फोटो तिथून टाकतो, आत्ता दारात पोरं ड्रम चढवतायत आणि पुन्हा मागच्या फळीला लावतायत, थांबा जरा.